कान कापलेल्या पाच शेळ्या

मित्रांनो, मी एक म्हातारा राखणदार कुत्रा आहे. माझे नाव चीवो. आमच्याकडच्या भाषेत चीवो म्हणजे बोकड. कुत्र्याला असे नाव का पडले, ते आधी सांगतो.

माझा जन्म अर्जेंटिनात, मेंदोसा प्रांताच्या दक्षिणेला, अँडीजच्या पायथ्याशी झाला. इथे झाडे थोडी आणि दगड फार. माणसे शेळ्यांवर जगतात, आणि शेळ्यांवर डोंगरातला प्यूमा, बिबट्यासारखा मोठा शिकारी, जगतो. म्हणून प्रत्येक कळपाला एक कुत्रा लागतो, आणि तो कुत्रा स्वतःला शेळी समजणारा असावा लागतो.

माझे डोळे उघडण्याआधीच मला आईच्या कुशीतून ओढून काढले. मोरा नावाच्या काळ्या शेळीचे करडू आदल्या दिवशी गारठून मेले होते. माझ्या मालकाने, नासारियो पोब्लेतेने, त्या मेल्या करडाचे कातडे सोलले आणि ओले असतानाच माझ्या पाठीवर दोरीने बांधले. मोराला वासाने फसवायचे होते. ती फसली नाही. तिच्या पहिल्या लाथेने मी दगडी भिंतीवर आदळलो.

"मरेल ते," नासारियो म्हणाला.

"मरेल, नाहीतर शेळी होईल," त्याची बायको झुलेमा म्हणाली. "मला दोन्ही चालेल. धर तिचा पाय."

दोघांनी मोराला जमिनीवर दाबून धरले आणि माझे तोंड तिच्या सडाला लावले. चार दिवस असेच चालले. पाचव्या दिवशी मोराने मला चाटले. त्यानंतर मी वाडग्यातच, शेळ्या कोंडायच्या दगडी आवारातच, वाढलो, शेळ्यांच्या अंगाला अंग लावून झोपलो. शेळी व्याली की करडामागून पडणारी तिची वार मी खायचो. कोणी मला हाकलले नाही. वाडगे साफ होते आहे, असेच सगळ्यांना वाटे.

मी तीन वर्षांचा होतो, तेव्हा एका पहाटे प्यूमा भिंतीवरून आत उतरला. तो भुकेपुरते मारत नाही. मी पोचेपर्यंत त्याने नऊ शेळ्यांच्या माना मोडल्या होत्या. मी त्याच्या मागच्या पायाला धरले. त्याने वळून माझा डावा कान मुळापासून उपटला. मी पाय सोडला नाही. नासारियो अर्ध्या कपड्यात धावत आला, प्यूमाच्या पाठीवर पडला आणि त्याने सुरा मानेत मुठीपर्यंत घातला. तिघेही रक्ताने इतके माखलो होतो, की झुलेमाला कोण जिवंत आहे ते आधी कळेना.

नासारियोने पोती शिवायच्या दाभणाने माझे डोके शिवले. त्या रविवारी शेजारची माणसे जमली, तेव्हा त्याने मला मधोमध बसवून भाजलेल्या करडाची कलेजी दिली.

"हा कुत्रा नाही," तो सगळ्यांना म्हणाला. "माझा धाकटा मुलगा आहे हा."

"दिसतंच आहे, दाजी," झुलेमाचा भाऊ ओविदिओ म्हणाला. "तोंडावळा तुमच्यावरच गेलाय."

सगळे पोट धरून हसले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस होता.

दोन वर्षांनी हिवाळा फार वाईट आला. बर्फाखाली आमच्या साठेक शेळ्या गाडल्या गेल्या. बर्फ थोडे वितळल्यावर ओविदिओ घोड्यावरून आला. त्याच्यामागे पाच शेळ्या होत्या, पाचही गाभण आणि अंगाने भरलेल्या. बहिणीसाठी भेट म्हणून आणल्या होत्या त्याने. प्रत्येकीच्या उजव्या कानाचा तुकडा कापलेला होता. जखमा ताज्या होत्या.

"यांचे कान का रे कापलेत?" झुलेमाने विचारले.

"तारेत अडकले, ताई."

"पाचही?"

"पाचही. एकीमागून एक जात होत्या. शेळ्याच त्या."

"आणि रक्त तपासल्याचा कागद?"

"तो शेळीनं खाल्ला."

नासारियो हसला. झुलेमाही हसली, पण तिने हात कमरेवरून काढले नाहीत. मग तिने फाटक उघडले. मी पाचही जणींना हुंगले. मित्रांनो, मला प्यूमाचा वास एका डोंगरावरून येतो. या शेळ्यांत जे होते, त्याचा मला काहीच वास आला नाही.

ऑगस्टमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्याच्या शेवटी, त्या पाचांपैकी पहिली गाभडली. करडू पुरते वाढलेले नव्हते, अंगावर केस विरळ होते आणि ते मेलेले होते. मग दुसरी गाभडली. मग आमच्या शेळ्याही गाभडू लागल्या. एका आठवड्यात अकरा. पुढच्या आठवड्यात वीस. ज्यांची वार पडेना, त्यांच्या पोटात झुलेमा कोपरापर्यंत उघडा हात घालून ती ओढून काढायची. थंडीने तिच्या बोटांना भेगा पडलेल्या होत्या. पाणी लांबून आणावे लागे, म्हणून ती हात झग्यालाच पुसायची आणि त्याच हाताने भाकरी मळायची. नासारियो मेलेली करडे सोलत बसायचा, कातडी वाया जाऊ नये म्हणून. सुरा निसटून त्याच्या अंगठ्याला लागला, तर तो अंगठा तोंडात घालायचा आणि पुन्हा सोलू लागायचा.

आणि मी? मी खात होतो. वाडग्यात पडेल ते सगळे खात होतो. पोट भरल्यावर उरलेले ओढून नेत होतो. काही ओहोळाकाठी पुरले, काही चुलीच्या खोलीमागे.

याच दिवसांत त्यांची मुलगी देल्फिना माहेरी आली. तिचा नवरा दूर तेलविहिरीवर कामाला होता आणि तिला पाचवा महिना होता. देल्फिनाला स्वस्थ बसवत नसे. जिवंत राहिलेल्या आणि गाभडलेल्या, सगळ्या शेळ्यांच्या धारा ती काढू लागली. त्या दुधाचे चीज करायची. आमच्याकडे चीज त्याच दिवशी मऊ असतानाच खातात.

"दूध उकळून घ्यायचं का गं?" एकदा तिने आईला विचारले. "तिकडे दवाखान्यात सांगत होते."

"दवाखान्यातल्या लोकांनी चीज केलंय कधी? उकळलं की त्याचा रबर होतो."

एका सकाळी मी एक मेलेले करडू ओढत घराच्या दारात आणले. का आणले, ते मला आजही सांगता येत नाही. देल्फिना बाहेर आली. "शी, चीवो, काय आणलंस हे," असे म्हणत तिने ते उघड्या हातांनी उचलले, छातीशी धरून उकिरड्यापर्यंत नेले आणि टाकले. परत येऊन तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

सप्टेंबरात नासारियोला ताप आला. दुपारी चढायचा. सकाळी उतरायचा तेव्हा अंथरूण पिळून काढावे लागे, इतका घाम. दोन आठवडे ताप नसे, मग पुन्हा येई. कंबर धरली, मांडीचा सांधा धरला, आणि शेवटी अशा ठिकाणी सूज आली की त्याला घोड्यावर बसता येईना आणि कारणही कोणाला सांगता येईना.

हा तोवर मुकाट सोसणारा माणूस होता. आता तो उठताबसता मारू लागला. भांडे हातातून पडले म्हणून त्याने टेबल उलटे केले. घोडा पुढे सरकेना म्हणून त्याच्या तोंडावर लगामाची कडी हाणली, आणि घोड्याचा एक डोळा गेला. एक गाभडलेली शेळी उठत नव्हती. तो तिला लाथा घालू लागला. मी मध्ये उभा राहिलो. त्याने फावडे उचलले आणि माझ्या मागच्या पायावर आडवे मारले. हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखले नंतर.

"मुलगा म्हणाला होतास ना त्याला?" झुलेमा त्याच्या अंगावर ओरडली.

"गप्प बस. नाहीतर तुझाही पाय मोडेन."

"मोड. मग वार काढायला तूच घाल हात. महिनाभर अंथरुणात लोळतोस, आणि मर्दानगी कुत्र्यावर दाखवतोस."

त्याने फावडे फेकले. ते तिच्या कानाजवळून गेले आणि दारात रुतले. मग तो जमिनीवर बसला आणि थरथरत राहिला, ताप चढला होता म्हणून की लाज वाटली म्हणून, ते मला कळले नाही. झुलेमाने आधी माझा पाय काठीला बांधला, मग त्याला पांघरूण दिले.

ऑक्टोबरात देल्फिनालाही ताप आला, आणि दोन दिवसांनी पोटात कळा. तिला सातवा लागला होता. शेजाऱ्याच्या ट्रकमधून तिला गावातल्या दवाखान्यात नेले. बाळ जगले नाही. मुलगा होता. दवाखान्यात तिचे रक्त तपासले, मग नासारियोचे, मग झुलेमाचे. तिघांतही एकच आजार निघाला. झुलेमाचे सांधे महिनाभर दुखत होते, पण तिने ते कोणाला बोलून दाखवले नव्हते.

आठवड्याने जनावरांची डॉक्टर मिर्ता आमच्याकडे आली. बुटकी, चाळिशीची बाई, गाडीतून उतरल्या उतरल्या बूट बदलणारी. त्या दिवशी भाचीला भेटायला ओविदिओही आला होता. सगळे वाडग्याच्या भिंतीशी उभे होते. देल्फिना दारात खुर्चीवर बसली होती.

"माल्टाचा ताप म्हणतात याला," मिर्ता म्हणाली. "पुस्तकातलं नाव ब्रुसेलोसिस. शेळ्यांकडून आलाय तुम्हाला." मग ती बोलता बोलता थांबली. त्या पाच शेळ्यांपैकी एक भिंतीजवळ आली होती. मिर्ताने तिचा कान धरला, मग दुसरीचा पाहिला. "यांचा बिल्ला कोणी कापला?"

ओविदिओ बुटाने माती उकरू लागला.

"लाल बिल्ला मीच मारलाय यांना. आजारी म्हणून मारून टाकायच्या कळपातल्या आहेत या. मी गेले तेव्हा मोजणीत पाच कमी भरल्या. मालक म्हणाला, प्यूमानं नेल्या."

नासारियोने मान वळवून ओविदिओकडे पाहिले. मग मुलीकडे पाहिले. मग कमरेमागचा सुरा काढला.

"दाजी, ऐका," ओविदिओ मागे सरत म्हणाला. "मला वाटलं, एवढी चांगली जनावरं खड्ड्यात कशाला जावीत. ताईच्या शेळ्या मेल्या होत्या."

"माझा नातू मेला."

पुढचे फार झटकन झाले. पहिला वार ओविदिओच्या दंडावर बसला. दुसरा अडवायला त्याने पाते हातात धरले, आणि नासारियोने सुरा ओढून घेतला. दोन बोटे मातीत पडली. ओविदिओ भिंतीवरून उलटा वाडग्यात कोसळला, थेट शेळ्यांच्या पायांत. शेळ्या किंचाळत पांगल्या. नासारियो भिंत ओलांडून त्याच्यावर आला आणि त्याने त्याच्या छातीवर गुडघा दिला.

मित्रांनो, मला न्याय कळत नाही. वाडग्यात पडलेल्याला वाचवायचे आणि भिंतीवरून येणाऱ्याला धरायचे, एवढेच मला शिकवले होते. मी तीन पायांवर उडी घेतली आणि मालकाचे मनगट धरले. माझा दात त्याच्या हाडाला लागला. त्याने डाव्या हाताने माझ्या तोंडावर बुक्क्या मारल्या, माझे दोन दात पाडले, माझ्या डोळ्यात बोट घातले. मी सोडले नाही. सुरा खाली पडला, तेव्हा झुलेमाने तो पायाने लांब ढकलला आणि नवऱ्याला केसांनी धरून मागे ओढले.

"पुरे," ती म्हणाली. "त्यानं आणल्या, मी फाटक उघडलं. मलाही माहीत होतं, कान तारेत अडकत नाहीत."

मिर्ताने जनावरांच्या पट्ट्यांनीच दोघांच्या हातांच्या जखमा बांधल्या. बांधता बांधता ती एकेक विचारत गेली. दूध उकळता का? वार हातमोजे घालून काढता का? मेलेली करडे कोण सोलतो? त्यांचे काय करता? ती रागाने विचारत नव्हती. उत्तरे देणारेच हळूहळू खाली बघू लागले.

"आणि हा?" तिने मला विचारावे तसे माझ्याकडे पाहिले. "पडलेली करडं यानंच खाल्ली असतील."

"खाल्ली," झुलेमा म्हणाली.

"आणि कुठं कुठं नेली?"

"एक दारात आणलं होतं," देल्फिना दारातून म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलत होती. "मी उचललं ते."

तिच्याकडे कोणी पाहिले नाही. मी पाहिले.

कळपाचे रक्त तपासले. एकशे सत्तावीस शेळ्यांपैकी चौसष्ट आजारी निघाल्या. त्यांत मोराही होती.

मारायच्या दिवशी मला साखळीने खांबाला बांधले. नासारियो, दोन शेजारी आणि मिर्ता, चौघांनी जाड हातमोजे घातले, डोळ्यांवर काचा आणि तोंडावर फडके लावले. खोल खड्डा खणून ठेवला होता. एकेक शेळी फाटकातून बाहेर काढत, खड्ड्याच्या कडेला नेत आणि कपाळावर गोळी घालत. प्रत्येक गोळीबरोबर आतल्या शेळ्या एकमेकींवर चढत, भिंतीवर डोकी आपटत. एकीने भिंतीवरून उडी घेतली, तिचा पाय दगडांत अडकून मोडला आणि तिला तिथेच मारावे लागले. त्यांना वाचवायचे म्हणून मला वाढवले होते, आणि त्या माझ्याकडे बघून ओरडत होत्या. मी साखळी ओढली. गळ्याची कातडी फाटली, तरी ओढली. झुलेमा येऊन माझ्याशेजारी मातीत बसली आणि तिने माझे डोके मांडीत दाबून धरले.

मोराला नासारियोने स्वतः नेले. तिने पाय रोवले नाहीत. तो तिला नेत होता, आणि ती रोजच्यासारखी त्याच्या खिशात मीठ हुंगत होती. त्याने तिलाही कपाळावर गोळी घातली. मग त्याने चुन्याचे पोते फोडले.

माझ्याही रक्तात तोच आजार निघाला.

"औषध देता येईल, पण खात्री नाही," मिर्ता म्हणाली. "वाडग्यात तर याला पुन्हा सोडायचंच नाही. सोपा उपाय तुम्हाला माहीत आहे."

नासारियोने बंदूक घेतली. मला दोरीने धरून तो खड्ड्याकडे निघाला. मी लंगडत त्याच्यामागे गेलो. दोरी ओढली नाही. आम्ही कडेला पोचलो, तेव्हा मागून देल्फिनाची हाक आली. अशक्तपणामुळे तिला भिंतीला धरून चालावे लागत होते.

"बाबा, थांबा. याला का?"

"यानंच आणलं ना ते तुझ्या दारात?"

"आणलं. मग मामालाही घाला गोळी, त्यानं शेळ्या आणल्या. आईला घाला, तिनं फाटक उघडलं. तुम्ही मेलेली करडं सोललीत, स्वतःलाही घाला. मी दूध उकळलं नाही. मलाही घाला. रांगेत उभं करा सगळ्यांना. याला कोणी कधी सांगितलं होतं, हे खाऊ नको म्हणून?"

नासारियोने बंदूक खाली केली नाही. देल्फिना चालत आली आणि माझ्याजवळ बसली. तिने माझ्या अंगाला हात लावला नाही, फक्त जवळ बसली. शेवटी त्याने बंदुकीतली गोळी काढून खिशात टाकली आणि तो घराकडे गेला.

त्याला सात वर्षे झाली. मला औषधे दिली, आजार पसरू नये म्हणून खच्ची केले आणि वाडग्याबाहेर एक खोपटे बांधून दिले. माझे काम आता दुसरा कुत्रा करतो. मला कोणी मध्ये बसवत नाही. घरातल्या तिघांनी दीड महिना गोळ्या घेतल्या. झुलेमा बरी झाली. नासारियोचा ताप दोनदा उलटला आणि त्याचा मांडीचा सांधा कायमचा गेला. तो काठी टेकत चालतो. देल्फिना नवऱ्याकडे परत गेली. उन्हाळ्यात येते. तिला अजून मूल झालेले नाही. ओविदिओने तीन वर्षे तोंड दाखवले नाही. मग एके दिवशी तो आला तो बहिणीसाठी हातमोज्यांचे खोके घेऊन. नासारियोने त्याला आत बोलावले नाही, पण हाकललेही नाही. दोघे भिंतीवर एकमेकांपासून लांब बसून राहिले.

आता नवी शेळी घ्यायची, तर आधी तिचे रक्त तपासतात. करडांच्या डोळ्यांत मिर्ता लशीचा थेंब टाकते. दूध उकळी येऊन वर येईपर्यंत झुलेमा पातेल्यापासून हलत नाही.

गेल्या वसंतात एक शेळी वाडग्यात न जाता माझ्या खोपट्यामागे येऊन व्याली. करडू चांगले होते, उठून उभेही राहिले. वार माझ्यापासून हातभर अंतरावर पडली. गरम होती. मी खोटे बोलणार नाही, मित्रांनो, माझ्या तोंडाला पाणी सुटले. दात फारसे उरले नाहीत, पण ती खायला दात लागत नाहीत. मी उठलो, वारेवर उभा राहिलो, आणि भुंकू लागलो. घसा बसेपर्यंत भुंकलो. नवा कुत्रा धावत आला, त्याच्यावर मी गुरगुरलो आणि त्याचा कान फोडला. त्याला ते आवडले नाही.

झुलेमा हातमोजे चढवत आली. तिने वार पाहिली, माझ्याकडे पाहिले.

"तू खाल्लं नाहीस?" ती म्हणाली.

मग तिने खोल खड्डा खणला, वार आत टाकली, वर चुना टाकला आणि माती दाबली. मी शेवटपर्यंत तिच्याशेजारी उभा होतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी शेळ्या, म्हशी, गाई असतील. एखादी गाभडली, तर उघड्या हाताने तिला शिवू नका, लगेच डॉक्टरला बोलवा. दूध उकळूनच प्या. कुठून आले ते ठाऊक नसलेले जनावर कळपात घेऊ नका, मग ते आणणारा सख्खा भाऊ का असेना. आणि दारात माझ्यासारखा कुत्रा असेल, तर व्यायच्या दिवसांत त्याला बांधून ठेवा. तो ओरडेल, साखळी ओढेल, तुमच्याकडे केविलवाणे बघेल. तरी सोडू नका. त्याला बिचाऱ्याला ठाऊक नसते, की आपण काय उचलून कोणाच्या दारात नेत आहोत.